कॅरिअरवरचा डबा

आप्पा, तुमच्यावर राग आहे, तो आज लिहूनच काढते. चौथीतून काढलंत मला, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं येईल, ते तुम्हीच चालवून घ्या.

काल मी महाकालीची लेणी बघून आले. सायकलवरून, आणि चालवत होते मीच. सहासष्टाव्या वर्षी नातीने शिकवली, बिल्डिंगच्या मागे. ती कॅरिअर धरून पळायची, "आजी, चाकाकडे काय बघतेस गं, पुढे बघ ना," आणि मला हसू यायचं. हसलं की तोल जातो. साडी चेनमध्ये अडकली तेव्हा तिनेच मला पंजाबी ड्रेस शिवून आणला. आता भाजीलाही मी सायकलवरूनच जाते. कोथिंबीरवाली म्हणते, "आली बघा हिरॉइन." असो, मी रागाचं लिहीत होते.

दर रविवारी ह्याच लेण्यांना जायला तुम्ही साकीनाक्याच्या आपल्या खोलीतून सायकल काढायचात. दादा पुढच्या दांडीवर. मी पहाटे उठून भाकऱ्या थापायची, ठेचा वाटायची, डबा भरायची. एकदा धीर करून म्हटलं, "आप्पा, मागे जागा आहे, मी येऊ?" तुम्ही कॅरिअरला डबा सुतळीने आवळत होता. वर न बघता म्हणालात, "मग डबा कुठे ठेवू?" आई हसली, दादा हसला. डब्याला जागा होती आप्पा, डबा भरणारीला नव्हती. अहो, डबा मी मांडीवर घेऊन बसले असते की. हे तेव्हा सुचलं नाही, काल सुचलं, चढावर धापा टाकताना.

आणि नेलंत कोणाला? संध्याकाळी मी दादाला विचारायची, काय बघितलंस रे? तो म्हणायचा, "दगड." दर रविवारी दगडच. काल बघितले मी ते दगड. एका लेण्यात डोंगराच्या पोटात गोल झोपडी कोरलीय, आत स्तूप, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दगडातलीच जाळी. तुम्ही कारखान्यात लेथवर लोखंड गोल करायचात, ह्या लोकांनी नुसत्या छिन्नीने केलंय. मी हात जोडले, मग भिंतीवर अंगठा फिरवला, लेथवरून काढलेल्या कामावर तुम्ही फिरवायचात तसा. घाव अजून लागतात हाताला. मला कळलं असतं आप्पा. दादापेक्षा जास्त कळलं असतं, आणि तुम्हालाही बोलायला कोणीतरी मिळालं असतं.

आता एक कबूल करते. तुम्ही ते डब्याचं बोललात, त्याच्या पुढच्या रविवारी मी ठेच्यात मीठ घातलं नाही. भाकरीतही नाही. विसरले नव्हते, मुद्दामच. दादा घरात शिरला तोच ओरडत. तुम्ही चाटूनपुसून रिकामा केलेला डबा माझ्या हातात दिलात, म्हणालात, "ठेचा झकास झाला होता," आणि सायकल पुसायला बाहेर गेलात. तुम्हाला कळलंच नव्हतं, की कळून गप्प बसलात? इतकी वर्षं मला ठरवता आलेलं नाही. कळलं असेल तर मग पुढच्या रविवारी का नाही नेलंत?

हे पान वहीतच राहील. काल मीही कॅरिअरला डबा बांधला होता. लेण्यांतून बाहेर येऊन झाडाखाली उघडला, तर माझ्यापुरत्या म्हणून केलेल्या भाकऱ्यांत दोन जास्तीच्या निघाल्या. मीठ घातलं होतं.