खिडकीवरची चादर

अण्णा,

तुम्ही तळ्यावर फिरायला गेलात तेवढ्यात निघतेय. थांबले असते तर पुन्हा वाद झाला असता. आमच्या पायलट युनियनची कंपनीबरोबर आज मुंबईत शेवटची बैठक आहे. नाहीच जमलं तर संप.

डब्यात कडक भाकरी आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या. बीपीची गोळी जेवल्यावर घ्यायची, चहाबरोबर नाही. आणि टीव्हीवरच्या बातम्या बघत बसू नका. तिथं सगळं पगाराचंच सांगतील.

काल सकाळी मी रात्रीचं विमान उतरवून घरी आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "संपानं आमची गिरणी खाल्ली, आता तुझी नोकरी खाईल." भीती मलाही वाटतेय की. पण रात्रभर विमान चालवून आलेल्या माणसाला पुन्हा रात्री बसवण्याआधी पुरती झोप द्या, एवढंच मागतोय आम्ही. मागच्या महिन्यात विमान उतरवताना माझे डोळे मिटत होते. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

भांडून झोपले आणि दुपारी जाग आली, तर खोलीत मिट्ट अंधार. तुम्ही रात्रपाळी करून आलात की आई अशीच खिडकीवर जाड चादर टांगायची. ती दिसली की गल्लीतली पोरं चेंडू घेऊन लांब जायची. आता आई नाही. म्हणजे चादर तुम्हीच टांगलीत.

मग बैठकीत मी वेगळं काय मागणार आहे, अण्णा?

चादर राहू द्या. जमलं तरी, मोडलं तरी, येऊन आधी झोपणार आहे.

ऋतुजा