तळ्याकाठचं घर आणि मेनचा कर

१२ मे
रोझेर गेला, तरी अमेरिकेतल्या मेन राज्याचं त्याच्याशी काम उरलंच आहे! वकीलबाई म्हणाल्या, "नवरा कॅनडाचा असला तरी तळ्यावरचं घर मेनमधलं. वारसाकर भरल्याशिवाय ते तुमच्या नावावर होणार नाही." एवढा पैसा कुठला? कर भरायचा तर घरच विकावं लागणार. आयुष्यभर सीमेवरच्या नदीचा पूल ओलांडून तिकडे गेलो – परदेशात जातोय असं कधी वाटलंच नाही.

१९ मे
किंमत ठरवायला माणूस येणार. वकीलबाईंचा सल्ला – काही आवरू नका, घर मोडकं दिसलं तर कर कमी. ठीक. वाढू दे गवत.

२४ मे
देवा! ल्युसियाँ आणि त्याचे दोस्त मला न सांगता जाऊन भिंती रंगवून आले, होडीचा धक्काही दुरुस्त केला. मी भडकलेच. "अरे, कर वाढेल ना!" दीर खाली मान घालून म्हणतो, "वहिनी, परका माणूस दादाच्या घराला नावं ठेवणार, आणि आम्ही बघत बसायचं?" कुटूच्या पिठाची धिरडी केली, वर काकवी. खाता खाता दोघंही रडलो.

२७ मे
तो माणूस आला. तरुण, सभ्य. भिंतीवर टिचकी मारून म्हणाला, "जुनाट आहे." मी गप्प बसायचं होतं. नाही बसले! "जुनाट? एकेक फळी माझ्या नवऱ्याने रंधा मारून बसवलीय! ही खिडकी उघडून बघा, भर पावसातही अडकत नाही." माळासुद्धा दाखवला. तो गेल्यावर भानावर आले. घालवलंस ओदील, आपल्याच तोंडाने घालवलंस.

१४ जून
अहवाल आला. काठाच्या जमिनीची किंमत वाचून डोळे पांढरे झाले. घराची – शून्य. घेणारा पाडूनच टाकेल म्हणे. रोझेर, तुझ्या घराची किंमत शून्य!

१५ जून
ल्युसियाँने अहवाल वाचला आणि हसतच सुटला. "वहिनी, कर जमिनीचा ना? मग जमीन विकू. घर कशाला सोडायचं?"

६ ऑक्टोबर
जमीन विकली, कर भरला. घर सुटं करून फळ्या, खिडक्या, माळा, सगळं ट्रकवर चढवलं. पुलावर आपल्या कॅनडाच्या बाजूच्या कस्टमवाल्याने विचारलं, "मालाची किंमत? त्यावर जकात लागेल." ल्युसियाँने अहवाल पुढे केला. शून्य! त्याने ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"रोझेरचं घर ना हे?" म्हणाला. "न्या. घरी न्या."