टाकीवरचे बुडबुडे

अण्णा,

विद्युत अपघटन तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत, शाळेत तो धडा यायच्या कितीतरी आधी. पेल्यात पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली, आणि टॉर्चमधले सेल एकापुढं एक जोडलेले. "पाणी फुटतंय बघ. हिकडं हायड्रोजन, दुप्पट. तिकडं ऑक्सिजन." मी पेल्यावर वाकते आणि तुम्ही वेणी धरून मला मागं ओढता. "तोंड मागं घे! बुडबुडा फुटला की खालचं पाणी घिऊन उडतो." आई म्हणते, "आवं, पोरीवर वराडताय कशाला? साधा सोडाच हाय की."

तेव्हा तुम्ही सांगलीत क्रोमच्या टाकीवर होतात. सायकलची हँडलं तांबड्या आम्लात सोडून करंट लावला की त्यांच्यावर क्रोम चढतो. पण बराचसा करंट बुडबुडे काढण्यातच जातो, आणि ते फुटताना आम्लाचे कण हवेत उडतात. मी हे पुढं पुस्तकात वाचलं. तुमच्या नाकाच्या पडद्याला तर भोकच पडलेलं. त्यातून दोरा ओवून दाखवायचात, "शेटनं येसण घातलीया, आता पळून जातुय कुठं?" आम्ही हसायचो. रक्त आलं की म्हणायचात, "ऊन लागलं, घोळणा फुटला." आई कांदा फोडून नाकाशी धरायची. पुढं दुखणं फुप्फुसात उतरलं, तिथं कांद्याचं काय चालणार.

आता मी साताऱ्यात तसल्याच कारखान्यात केमिस्ट आहे. टाकीवरची वाफ ओढणारा पंखा बंद पडलाय. मालकांना रोज सांगते. ते म्हणतात, "मॅडम, एवढी ऑर्डर निघू दे, मग बघू." टाकी थांबवणं माझ्या हातात आहे. पण कामगार म्हणतात, "ताई, टाकी बंद केली तर आमची हजेरी बुडंल." मग मी ती चालू ठेवते, आणि त्यांना एकटं सोडायची लाज वाटते म्हणून स्वतःही तिथंच उभी राहते.

सगळं ठाऊक असून तुम्ही त्या टाकीपाशी का उभे राहिलात, हे विचारायला मी लिहायला बसले होते. पाठवायचं कुठं, हा प्रश्न नंतरचा. आता विचारतच नाही. आज घरी आले, चप्पल काढताना नाकातून रक्त आलं. आईनं पदर लावला. "काय झालं गं?" बाहेर झड लागलेली, माझी छत्री दारात निथळत होती.

"ऊन लागलं," मी म्हणाले.

आईनं छत्रीकडं बघितलं, आणि कांदा आणायला आत गेली.