पालथा पाव

प्रिय लोर्ना,

इकडे मका काढून झाला. वेंडेलची कंबर नेहमीसारखी धरली आहे आणि थँक्सगिव्हिंग तोंडावर आलं आहे. या दिवसांत मला तुझी हमखास आठवण येते. तुझ्या भावाची, वेंडेलची बायको होऊन मी फ्रान्सहून आयोवातल्या या घरात आले, तेव्हा तू नणंद म्हणून मला काय काय शिकवलंस, ते एकदा निवांत लिहायचंच होतं.

लढाई नुकतीच संपली होती. मला वाटलं, यांच्या सणाला आपल्या गावचं काहीतरी करावं. कलेजी वाटून, ब्रँडीत मुरवून मी पॅटे केलं. चीज तर माझ्या आईने नॉर्मंडीहून बोटीने येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवलं होतं, स्वतःच्या तोंडचं काढून. तू चीजचा उग्र वास येताच उठून खिडकी उघडलीस, नोव्हेंबरच्या त्या गारठ्यात. पॅटेचा एक घास घेतलास आणि बशी उचलून खाली कुत्र्यापुढे ठेवलीस. कुत्र्याने मात्र चाटूनपुसून खाल्लं हो. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, कारण मला इंग्रजी अजून धड येत नव्हतं आणि हसणं सोपं होतं.

मग माझा पाव आला. तो मोठा गोल पाव तू टेबलावर सहज पालथा टाकलास आणि मी झडप घालून सुलटा केला. का, म्हणून सगळ्यांनी विचारलं. मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, की आमच्याकडे पाव पालथा ठेवत नाहीत. जुन्या काळी गावचा बेकरीवाला जल्लादासाठी एक पाव असा पालथा करून बाजूला ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी त्याला शिवायचं नाही. सगळ्यांना गंमत वाटली. मला वाटलं, चला, आपली एक तरी गोष्ट यांना आवडली. आणि तुला ती खरंच आवडली होती. तू ती जपून ठेवलीस.

पुढच्या सप्टेंबरात माझी ओदील जन्मली आणि रडलीसुद्धा नाही. दिवस गेले असतानाही दुपारच्या जेवणाबरोबर मी घोटभर वाइन घ्यायचे, आमच्याकडे सगळ्याच बायका घेतात. तू मात्र चर्चमधल्या एकेकीच्या कानाला लागून सांगत फिरलीस, की त्या फ्रेंच बाईने आपल्या हाताने लेकरू मारलं. त्या नोव्हेंबरात माझ्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, तरी पाव मीच भाजला. तू तो उचललास, माझ्या ताटापुढे आणून पालथा ठेवलास आणि म्हणालीस, “हा तुझाच ना गं?”

तुझी आई रुमालाआड हसली, मी पाहिलं. आणि माझा नवरा? त्याने खाली मान घातली आणि टर्की खात राहिला. थोड्या वेळाने रस्सा मागून घेतला. मी तो पाव पुढ्यात घेऊन जेवण संपेपर्यंत बसले. तू लग्न करून ऑरेगॉनला गेलीस, तरी दर थँक्सगिव्हिंगला येऊन ते करतच राहिलीस. मी काही बोलले, की म्हणायचीस, गंमत गं, किती मनाला लावून घेतेस.

तुझ्या आईला यंदा उन्हाळ्यात अर्धांगवायू झाला, तेव्हापासून तिचं सगळं मी केलं. कुणी नावं ठेवायला नकोत. हगणं-मुतणं, अंघोळ, पाव दुधात कुस्करून भरवणं. माझाच पाव, लोर्ना. शेवटी शेवटी तिला दुसरं काही गिळवत नव्हतं. तू पत्रातून विचारायचीस आणि मी कळवायचे, सुधारतेय. ऑक्टोबरात डॉक्टरांनी हात टेकले. वेंडेल मक्यात अडकला होता; म्हणाला, लोर्नाला तार करून ये. मी कोट चढवून गावात गेले, पावासाठी यीस्ट घेतलं आणि परत आले.

दार वाजलं की ती विचारायची, लोर्ना आली का. मी म्हणायचे, निघालीय, पोचेलच. शेवटच्या दिवशी म्हणाली, “तिला माझा राग आला असेल.” मी नाही म्हटलं नाही. ती गेली तेव्हाही तार करायचं काम वेंडेलने माझ्यावरच टाकलं, आणि दफनाला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, दोन तारा केल्या, तरी आली नाही. चर्चमधल्या तुझ्या त्याच मैत्रिणी आता एकमेकींच्या कानाला लागतात, की आई हाका मारत गेली आणि पोरगी फिरकली नाही.

म्हणून हे पत्र. तुला हे माझ्याकडून कळावं आणि तू थँक्सगिव्हिंगला यावंस. सगळे असतील. हवं तर हे पत्र वेंडेलला दाखव. तो वाचेल, खाली मान घालेल आणि जेवत राहील. नक्की ये. पाव मीच भाजणार आहे, आणि तो कुणाच्या ताटापुढे कसा ठेवायचा, ते तू मला शिकवलंच आहेस.

तुझीच वहिनी,
सोलांज