देवणीचा सॉक्रेटिस

अर्धापूर,
सोमवार, दुपारची सुट्टी

तीर्थरूप मलप्पा दाजींना विरूपाक्षाचे शरणार्थ.

तुमची तब्येत बरी असेल, अक्काचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि शांतम्मा आईंचा आवाज शेजारच्या गल्लीपर्यंत ठणठणीत पोचत असेल, अशी आशा करतो. आम्ही इकडं मजेत आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही मधेच बोलता, आणि हा मजकूर मधे न बोलता ऐकायचा आहे.

तर झालं असं. शाळेच्या फळ्यावर रोज थोरामोठ्यांचा सुविचार लिहायचं काम सात वर्षं माझ्याकडं आहे. ज्या पुस्तकातून लिहायचो ते वाळवीनं खाल्लं (आता तिच्याइतकं वाचलेलं आमच्या शाळेत कोणी नाही). दोन दिवस मोबाइलवरून उतरवले, तर एकच वाक्य तिथं तिघांच्या नावावर निघालं, त्यातला एक क्रिकेटचा कोच. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा झाली, हातात खडू, डोकं रिकामं. तेवढ्यात दिवाळीत तुमच्या अंगणात कानावर पडलेलं वाक्य आठवलं. 'बाजेवरून गाईला हाका मारणाऱ्याचा आवाज वाढतो, दूध वाढत नाही.' लिहिलं आणि खाली ठोकून दिलं, सॉक्रेटिस! (त्यानं स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही म्हणतात, त्यामुळे पुस्तक काढून कोणी पडताळेल ही भीती नव्हती.)

नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले आणि फळ्यासमोर थबकले. मला वाटलं, मेलो. तर ते डोळे मिटून म्हणाले, "वा! मूळ ग्रीकमध्ये याला जी धार आहे ना, ती मराठीत येत नाही." मग गाय म्हणजे ज्ञान, बाज म्हणजे अहंकार, दूध म्हणजे मोक्ष, असं पाऊण तास चाललं. पोरं उन्हात उभी. आमचे मुख्याध्यापक ग्यानोबा सर तर इतके भारावले, की त्यांनी ते वाक्य भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवून घेतलं आणि शनिवारच्या पालकसभेत त्यावर माझं व्याख्यान ठेवलं.

दाजी, चार दिवस मला घास गोड लागला नाही. खडूचं खोटं फडक्यानं पुसता येतं, ऑइलपेंटचं कसं पुसायचं? शनिवारी उभा राहिलो, तर साहेब पुढच्या खुर्चीत. मी 'अथेन्स नगरीत' एवढंच म्हणालो असेन, तोच गुणाबाई उठल्या (सातवीतल्या एका पोरीची आजी, केळीच्या बागेत कामाला जातात). "सर, ह्यो सॉक्रेटिस सवता धार काढत व्हता का?"

"माहीत नाही, बाई."

"मग हे त्याचं न्हाई. हे शेणात हात घातलेल्या बाईचं बोलणं हाय."

मी म्हटलं, "हाव बाई, तुमचं खरं हाय. माझ्या बहिणीच्या सासूबाईंचं हाय हे. देवणीच्या शांतम्मांचं." साहेब खाकरले आणि गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे ग्रीकांनी ते आपल्याकडूनच नेलं." ग्यानोबा सर मात्र लई तापले. शिक्षा म्हणून मलाच शिडीवर चढवून सॉक्रेटिस खोडायला लावला. मी खोडला, आणि त्या जागी 'शांतम्मा, देवणी' असं लिहिलं. (आईंचं नाव जरा तिरकं झालंय, शिडी हलत होती.) याला आता पंधरा दिवस झाले. तेव्हापासून पोरं आपापल्या आज्या-मावश्यांची वाक्यं घेऊन येऊन राहिलीत, फळा पुरेना. ग्यानोबा सरांचा रागही उतरलाय. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर आईंचा सत्कार करायचा, असं त्यांनीच ठरवलंय. तरी आईंना अवश्य पाठवावं.

अक्काला नमस्कार.

तुमचा,
विरूपाक्ष

ता. क. सभेत पोरांनी विचारलं, हे वाक्य आजी कोणाला म्हणाल्या? खोटं बोलणं मी दोनच मिनिटांपूर्वी सोडलं होतं, त्यामुळे तुमचं नाव सांगावं लागलं. तुम्हाला बघायची सगळ्यांना फार उत्सुकता आहे. आईंसोबत तुम्हीही या, हीच खरी विनंती.

आणखी एक. आईंना मी कालच फोन केला होता. त्या म्हणाल्या, "सत्कार मलप्पाचाच करा की रे. तो येळेवर उठला असता, तर मला एवढं कुठून सुचलं असतं?"