रिकाम्या कोनाड्यातला दिवा

नाचणगाव, बुधवार, चैत्र, १९५७. दिवेलागण.

पुलगावच्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं. देवीच आहेत. ताप उतरत नाही.

गेल्या दसऱ्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो आणि घरातले सगळे देव नदीत सोडले. तेव्हापासून कोनाडा रिकामाच. आज शाळेत शिकवून घरी आलो, तर त्या रिकाम्या कोनाड्यात दिवा जळत होता.

वाटलं, हे आईचंच काम. चिडून विचारलं, तर म्हणाली, "मी नाई लावला रे. तुह्या बायकोले विचार."

गिरजानं? मरीमायचा शेंदरी दगड सोडताना मी काठावरच थांबलो होतो. हिनंच तो माझ्या हातातून घेऊन पाण्यात सोडला होता!

"काऊन लावला? कोनापुढे लावला?"

ती पोरीच्या अंगावरून लिंबाचा डहाळा फिरवत होती. "मले नाई मालूम," म्हणाली. "पण तुम्ही इझवू नका."

देवी हा रोग आहे, कोप नाही, असं वर्गात मीच सांगतो. आजही तेच मानतो. मानतो ना? फुंकर घालायला कोनाड्यापुढे उभा राहिलो आणि तेवढ्यात आत पोर कण्हली. समोर नुसती काजळलेली भिंत. देव होते तेव्हा त्या कोनाड्याची अशी भीती कधी वाटली नव्हती.

आता वारा सुटलाय. दाराला मोठी फट आहे. तिला पाठ लावून बसलोय आणि हे लिहितोय. ज्योत हलली की लिहिणं थांबतं.