अजिंक्यपद मिळेपर्यंत घरात ठेवलेला नवरा

मी, कुरोइवा फुसाए, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा कपड्यांची शिलाई व दुरुस्ती, राहणार बंदर रस्ता, शिओझाकी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि पाठीमागे उभं राहून कोणी लिहवून घेत नाही. सकाळी रक्तदाबाची एक गोळी घेते. तिचा विचारांवर परिणाम होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. त्याचं कारण कलम सहामध्ये येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण घरातला एक माणूस अजून पुरता गेला नव्हता. तो गेला की आपलं बघू, असं म्हणत आठ वर्षं काढली.

कलम १. खाली दुकान आणि वर दोन खोल्या असं माझ्या नावचं घर माझी मुलगी चिहारु, राहणार नागोया, हिला द्यावं. तिने ते विकलं तरी माझी हरकत नाही. जिना उभा आहे आणि हिवाळ्यात न्हाणीघर गारठतं. विकण्याआधी वरच्या खोलीतलं सामन्यांचं वेळापत्रक काढून त्याखालचं भिंतीचं भोक बुजवून घ्यावं. आमची फुटबॉल टीम खालच्या श्रेणीत घसरली त्या संध्याकाळी यजमानांनी चहाचा पेला फेकला होता. माझे यजमान कुरोइवा मोरिहिको बंदरावर फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत चौतीस वर्षं बसले. लोकांनी तोंडावर शिव्या दिल्या तरी त्यांनी आवाज चढवला नाही. आयुष्यात फेकलेली ती एकच वस्तू, आणि तीही माझ्या आईकडून आलेली.

कलम २. पोस्टातली ठेव चिहारुची. त्यातून देवळाला कबरीच्या देखभालीचं जे काही द्यायचं असतं ते तिने दरवर्षी न विसरता द्यावं. तिचा विसराळूपणा वडिलांकडून आला आहे. त्यांना माझा वाढदिवस आठवत नसे, पण कुठल्या सालच्या कुठल्या सामन्यात पाऊस होता ते आठवत असे.

कलम ३. इंटरलॉकचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि सगळे दोरे माझ्याकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या साकिएला द्यावेत. जुनं काळं शिलाई मशीनही तिलाच. ते उजवीकडे ओढतं, पण तिला त्याची सवय आहे. मोठी कात्री मात्र माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी. या कात्रीने ओगाताने (हा कोण ते कलम चारमध्ये) एकदा कागदी पताका कापल्या. त्यानंतर दोनदा धार लावून आणली, पण ती पहिल्यासारखी चालत नाही. साकिएला अशी कात्री देणं बरं नव्हे.

कलम ४. ओगाता शुन्साकु म्हणजे आमच्या उमिनेको टीमच्या पाठीराख्यांचा पुढारी. तो टपाल वाटतो आणि सामन्याला ढोल वाजवतो. गोलपोस्टमागे उलगडतात तो नारिंगी-काळा मोठा झेंडा त्याच्या मंडळाला द्यावा. त्याची प्रत्येक शिवण माझ्या हातची आहे. झेंडा गार पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, ड्रायरमध्ये घालायचा नाही. बिअर सांडली तर त्याच दिवशी पुसायची, पुढच्या सामन्यापर्यंत वाट पाहायची नाही. ओगाता, हे तुझ्यासाठी लिहिलं आहे, दुसऱ्याला वाचून दाखवून सुटू नकोस.

कलम ५. सोबत न्यायचे नाहीत असे राग. नऊ वर्षांपूर्वी, टीम घसरली त्या शेवटच्या सामन्यात, ऑफसाइडचा झेंडा वर करणाऱ्या लाइन्समनला मी माफ केलं आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा यजमान मला गरम पाण्याच्या झऱ्याला नेतो म्हणाले आणि बसमधून उतरले ते थेट परगावच्या मैदानावर. आम्ही पावसात ०-३ हरलो. परतताना ते म्हणाले, "झरा जवळच होता, पण वेळच उरला नाही." त्यांनाही माफ केलं आहे. याला मला चोवीस वर्षं लागली, पण केलं.

कलम ६. अस्थींबाबत. हे कलम लांब आहे आणि खरं म्हणजे बाकीची कलमं याच्यासाठीच लिहिली आहेत.

टीम खालच्या श्रेणीत गेली, त्याच्या पुढच्या शरदात यजमान गेले. जाण्याच्या चार दिवस आधी हॉस्पिटलात फक्त मी असताना ते म्हणाले, "फुसाए, मला लगेच कबरीत नेऊन ठेवू नकोस. टीम परत वरच्या श्रेणीत आली की मग ने. तोवर घरातच राहू दे, निकाल तरी कानावर पडतील." मी म्हटलं, "मेल्यावरही माझ्या डोक्याशी तोच आवाज का?" ते हसले. नंतर शेवटपर्यंत ते कोणाशीच बोलले नाहीत.

एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी कुळाच्या कबरीत ठेवतात. मी ठेवल्या नाहीत. लोकांना एवढंच सांगितलं की टीमसाठी त्यांनी घरी थांबायचं ठरवलं आहे. नेमके शब्द कोणाला सांगितले नाहीत, कोणी विचारलेही नाहीत. माझ्या नणंदबाई, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण इसोगाई ताकेयो, यांना हे अजिबात पटलं नाही. "बावीस गडी एका चेंडूमागे पळतात आणि माझा भाऊ त्यापायी बेघर," असं त्या देवळात चारचौघांत म्हणाल्या. तरी भावाचा शब्द म्हणून त्या गप्प बसल्या.

दोन वर्षांनी टीम वर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. वन्सं देवळातून तारीख घेऊनच आल्या होत्या. म्हणाल्या, "झालं ना तुमचं एकदाचं? आता त्याला आईबाबांजवळ नेऊ." सगळे माझ्याकडे बघत होते. मी कलशाकडे पाहिलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी त्याच्यापुढे चहा ठेवायचे आणि आज कोणाच्या पँटची चेन बसवायची आहे ते सांगायचे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही वन्सं. वर येईपर्यंत नाही. अजिंक्य होईपर्यंत, असं म्हणाले होते."

ओगाता रडायलाच लागला. म्हणाला, "दादा असंच मागणार. दादांनी कधी थोड्यावर भागवलं नाही, वहिनी."

हे खोटं होतं. आमची टीम तेव्हा वरच्या श्रेणीत बाराव्या नंबरावर आली तरी गावात मिठाई वाटली जायची. अजिंक्य होईपर्यंत म्हणजे कधीच नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मला तेच हवं होतं. त्यांना घराबाहेर काढायची माझी तयारी नव्हती. याहून मोठं कारण नाही.

वन्सं भांडतील असं वाटलं होतं. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अजिंक्य व्हायला काय काय लागतं?" मी सांगितलं, जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. त्यांनी ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. दर महिन्याला यायच्या त्या दर आठवड्याला यायला लागल्या. कलश टीव्हीकडे तोंड करून ठेवायचा आणि आम्ही दोघींनी मोसंबी सोलत सामना बघायचा. दुसऱ्या वर्षी ऑफसाइड कळायला लागला. तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, टीव्हीवर बचावफळी नीट दिसत नाही, म्हणून आम्ही हंगामाची दोन तिकिटं काढली. "मला या वयात दिसतंय, त्या मेल्या पंचाला दिसत नाही?" हे वाक्य मी वर्षाला पंधरा वेळा ऐकलं आहे. देवळात त्या एकदा इतका वेळ हात जोडून उभ्या होत्या की मी विचारलं, काय मागताय? म्हणाल्या, "मागत नाहीये. गोलफरक समजावून सांगतेय. उगाच देवाचा घोटाळा नको."

मी हसले. घरी येऊन मात्र मला जेवण गेलं नाही. फुटबॉलचं नाव काढलं की नाक मुरडणारी बाई माझ्या एका खोट्यामुळे भर थंडीत बाकावर बसत होती, आणि तिला हवा होता तो फक्त आपला भाऊ आईबाबांशेजारी.

गेल्या एप्रिलमध्ये वन्संना हृदयविकाराचं निदान झालं. डॉक्टरांकडून बाहेर येऊन म्हणाल्या, "फुसाए, मला फार काही नको. त्याला ठेवलेलं बघायचंय. त्या आधी जायचं नाही." त्या रात्री मी खरं काय ते एका पत्रात लिहिलं. दुसऱ्या दिवशी टीम जिंकली, म्हणून दिलं नाही. पुढेही जिंकतच गेली. ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्या नंबरावर होतो आणि मी स्वतःला सांगत होते, आता कशाला दुखवायचं, होईलच. मग सलग चार सामने हरलो. पत्र पर्समध्येच होतं. ठरवलं, शेवटच्या सामन्यात जमलं नाही तर तिथेच, बाकावर, त्यांच्या हातात द्यायचं.

आठ डिसेंबरला, शेवटच्या सामन्यात, अजिंक्य व्हायला बरोबरी पुरेशी होती. एक्क्याऐंशीव्या मिनिटापर्यंत आम्ही ०-१ मागे होतो. मी पर्सची चेन उघडली, पत्र बाहेर काढलं आणि हातमोज्याखाली धरलं. कॉर्नर आला, कोणाचं डोकं, कोणाची पाठ, आणि आमच्या बचावपटूच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. वन्संच्या पुढे सगळे उठून उभे राहिले होते. त्या माझी बाही ओढत विचारत होत्या, "आत गेला का? फुसाए, सांग ना, आत गेला का?" मी मान डोलावली.

उरलेला वेळ कसा गेला माहीत नाही. शिट्टी झाली तेव्हा ओगाता ढोलावर पालथा पडून रडत होता, अनोळखी माणसं मला मिठ्या मारत होती. ती सगळी आनंदाने रडत होती. मी सुटले म्हणून रडत होते. आनंद मला दुसऱ्या दिवशी, भाजी चिरताना झाला.

बावीस डिसेंबरला यजमानांना ठेवलं. अस्थींची पांढरी सुती पिशवी मी शिवली, तोंडाशी नारिंगी दोरा वन्संनी मागितला म्हणून घातला. ओगाताला ढोल वाजवायचा होता. भटजींनी तीन ठोक्यांची परवानगी दिली, त्याने चार वाजवले. मला वाटलं होतं घरी आल्यावर ती जागा खायला उठेल. तसं झालं नाही. मी तिथे इस्त्रीचे कपडे ठेवले आणि दुपारी दोन तास गाढ झोपले. आठ वर्षांत अशी झोप नव्हती.

जिंकल्यानंतरचं गाव वेगळंच निघालं. मिरवणूक झाली, मासळीवाल्याने दोन दिवस भाव उतरवले, गुडघ्याने गोल करणारा पोरगा तीन आठवड्यांत दुसऱ्या क्लबने नेला. ओगाता दुकानात येऊन नुसता बसायला लागला. म्हणाला, "वहिनी, इतकी वर्षं सकाळी उठलं की वाटायचं, अजून व्हायचंय. आता झालं. आता उठून काय वाटून घ्यायचं?" मी म्हटलं, "आधी दाढी कर." तो करून आला. थोडा बरा दिसत होता.

माझं मात्र एक राहिलं आहे. कबरीचा दगड सरकवून बंद केला तेव्हा वन्संनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघ रे मोरिहिको, फुसाएने तुझा शब्द पाळला." तो पाळला नव्हता. सहा वर्षं आधीच पाळायला हवा होता. टीमने मला शिक्षेतून सोडवलं, पण खोट्यातून नाही. म्हणून ते पत्र फाडलं आणि हे कलम लिहिलं.

कलम ७. वन्संना मी वस्तू काहीच ठेवत नाही, कारण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवू नये, असं मला वाटतं. (ओगाताही साक्षीदार आहे, पण झेंडा मंडळाला आहे, त्याला नाही.) त्यांच्या वाट्याला कलम सहा. माझ्यामागे वाचायला मिळावं असं ते नाही, माझ्यादेखत वाचायचं आहे.

कलम ८. माझ्या अस्थी यजमानांशेजारी ठेवाव्यात. केव्हा, ते चिहारुने ठरवावं. मला कुठल्याही निकालाची वाट पाहायची नाही.

हा कागद मी आज दुपारी वन्संपुढे ठेवणार आहे. त्या सही करतील की चपला घालून निघून जातील, सांगता येत नाही. खाली जागा रिकामी सोडली आहे.

लिहिणार: कुरोइवा फुसाए (सही व शिक्का)
स्थळ: बंदर रस्ता, शिओझाकी
तारीख: रविवार, २६ जानेवारी, रेइवा ७ (इ.स. २०२५)

साक्षीदार पहिला: ओगाता शुन्साकु. कलम चार आणि कात्रीबद्दलचं वाचलं. चूक कबूल. कलम सहा वाचून मी बाहेर जाऊन उभा राहिलो, आतलं बोलणं ऐकलं नाही. (सही)

साक्षीदार दुसरी, स्वतःच्या अक्षरात:

चष्मा लावून दोनदा वाचलं. फुसाए शुद्धीवर आहे, याची मी साक्ष देते. तिने मला सहा वर्षं फसवलं, याचीही देते. राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही. मघाशी तिने चहा केला तो मी घेतला नाही, दुसऱ्यांदा केला तो घेतला. भाऊ तेव्हाच कबरीत गेला असता तर मी या घरी वर्षातून एकदा आले असते आणि दारातूनच परतले असते, हे मला दिसतंय, पण म्हणून तिचं बरोबर होत नाही. पुढच्या हंगामाचं माझं तिकीट तिने काढायचं, बाक तोच.

आता माझं. मी गेल्यावर मला एकोणपन्नासाव्या दिवशी ठेवावं. टीम कुठल्या नंबरावर आहे ते बघू नये. मी शेवटी काय बोलले, असं कोणी विचारलं तर माझ्या मुलाने सांगावं. फुसाएला विचारू नये.

इसोगाई ताकेयो, वय एक्क्याऐंशी (सही व शिक्का)